जहाजबांधणीचे आचार्य : जमशेटजी बमनजी वाडिया

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या अरण्यांत वाढणाऱ्या सागवानाची कीर्ति फार दूरवर पसरलेली आहे. बल्लारपूरच्या लांकूड-आगारांत रचून ठेविलेले ओंडके ज्यानें पाहिले नाहींत असा विद्यार्थी आमच्या गांवीं क्वचितच सांपडेल. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिराच्या कामाकरितां येथूनच सागवान रवाना झालें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु हेंच झाड एके काळीं समुद्रावर अधिराज्य करीत होतें, आणि त्यास तो मान मिळवून देणारे हात एका हिंदी सुताराचे होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या कानीं आलेली नसते. जमशेटजी बमनजी वाडिया हें त्या सुताराचें नांव. मुंबईच्या गोदीचे ते मुख्य मिस्त्री होते. हातांत वांकस घेऊन ज्यानें आयुष्याचा आरंभ केला आणि ज्याच्या कामाची परीक्षा साऱ्या जगांतील समुद्रांनीं घेतली, अशा पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचावें व त्यांच्या वडील मंडळींनींहि त्याचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

जमशेटजींची हकीकत सांगावयाची म्हणजे प्रथम त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी यांजपासून आरंभ केला पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुरत हें जहाजबांधणीचें मोठें ठाणें होतें. तेथील गोदीवर लवजी मुकादमाचें काम करीत असत. ईस्ट इंडिया कंपनीचें एक जहाज तेथें बांधलें जात असतां कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेस या तरुण कारागिराची हुशारी आली, आणि त्यानें त्यांस मुंबईस येण्याचा आग्रह केला. १७३६ सालीं कांहीं निवडक सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईस आले. त्या वेळीं मुंबई हें लहानसें बेट होतें. चांगलें लांकूड तेथें मिळत नसे. तेव्हां कंपनीनें लवजींस उत्तरेकडील अरण्याच्या प्रदेशांत पाठविलें. तेथील व्यापाऱ्यांशीं बोलणें करून त्यांनीं लांकडाचा नियमित पुरवठा होईल अशी व्यवस्था लाविली, आणि परत येतांना आपलें कुटुंबहि मुंबईस आणिलें. जहाजाचा जन्म गोदींत होतो असें लोक म्हणतात, परंतु तो खरोखर अरण्यांतच होतो, हें लवजींस पुरतें ठाऊक होतें. १७५० सालीं मुंबईस कोरडी गोदी तयार झाली. जहाज आंत घेऊन दारें लावावीं, पाणी काढून टाकावें, आणि तळाचें काम जमिनीवर उभें राहून करावें, अशी ही सोय होती. तेव्हांपासून मुंबईच्या गोदीचें नांव वाढत गेलें. वाडिया या शब्दाचा अर्थच मुळीं जहाज बांधणारा असा आहे. तें या घराण्याचें आडनांव झालें, यांत नवल तें काय?

१७७१ सालीं लवजींनीं आपले दोन नातू, फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी, यांस गोदींत कामास लाविलें. या वेळीं लवजी मुख्य मिस्त्री होते. त्यांचा शब्द गोदींत प्रमाण मानला जात असे. आपल्या नातवांस त्यांनीं एकदम हाताखालचे अधिकारी नेमलें असतें तरी कोणी नांव ठेविलें नसतें. पण त्यांनीं तसें केलें नाहीं. दोघांही मुलांस त्यांनीं साधे सुतार म्हणून उभें केलें आणि पगार दरमहा बारा रुपये ठरविला. इतर कारागिरांबरोबर ओंडके चिरावे, फळ्या तासाव्या, भोंकें पाडावीं आणि मग पुढचें शिकावें, असा हा क्रम होता. आमच्या वाचकांपैकीं ज्या वडील मंडळींस आपल्या मुलानें हातानें काम करणें कमीपणाचें वाटतें, त्यांनीं या बारा रुपयांच्या पगाराचा क्षणभर विचार करावा अशी आमची विनंती आहे. पुढें सत्तर-ऐशीं तोफांचीं जहाजें ज्यांनीं उभीं केलीं, त्यांची शाळा ती ही.

१७७४ सालीं लवजी वारले. इतकीं वर्षें कंपनीचें एवढें मोठें काम त्यांच्या हातून झालें, लाखों रुपयांचें लांकूड त्यांच्या डोळ्यांपुढून गेलें, तरी मागें त्यांनीं फारशी दौलत ठेविली नाहीं. निष्कलंक नांव हीच त्यांनीं मुलांनातवांस दिलेली खरी पुंजी होय. त्यांच्यामागें माणेकजी व बमनजी या मुलांनीं काम चालविलें. तेहि गेल्यावर १७९२ सालीं फ्रामजी व जमशेटजी या चुलतभावांवर जोडीनें मुख्य मिस्त्रीपणाची जबाबदारी आली. १८०४ मध्यें फ्रामजी वारले, आणि तेथून पुढें सारा भार जमशेटजींच्या खांद्यावर पडला.

आतां हें काम कसें चालत असे, तें थोडक्यांत सांगतों. जहाजाचा नकाशा प्रथम कागदावर लहान प्रमाणांत काढीत. त्यावरून एका प्रशस्त जमिनीवर जहाजाच्या प्रत्येक भागाच्या रेषा पूर्ण आकारांत आंखीत. त्या रेषांवरून पातळ फळ्यांचे साचे कापीत, आणि हे साचे घेऊन मिस्त्री लांकडाच्या ढिगाऱ्यांत हिंडत असे. जहाजाची बरगडी वांकडी असते. ती सरळ ओंडक्यांतून कापली तर लांकडाची शीर तुटते आणि बरगडी दुबळी होते. म्हणून ज्या फांदीस वा बुंध्यास निसर्गानेंच तसा बांक दिलेला असेल, तो तुकडा साच्याशीं ताडून निवडावा लागे. ढिगाऱ्यापुढें उभें राहून कोणत्या ओंडक्यांत कोणती बरगडी दडलेली आहे हें नजरेनें ओळखणें, हीच मिस्त्रीची खरी विद्या. नंतर गोदींत पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, बसवीत; त्यावर ओळंब्यानें व दोरीनें नीट पारखून एकेक बरगडी उभी करीत; आणि शेवटीं बाहेरून फळ्या जडवीत.

या फळ्या जडविण्यांत सुरत-मुंबईच्या कारागिरांचा विशेष होता. युरोपांत बहुधा फळीस फळी नुसती टेंकवून मधल्या फटींत दोरखंडाचा भुसा ठोसीत. आमचे कारागीर फळीच्या कडेस खांच पाडून दुसरीची कड तींत बसवीत, आणि सांध्यांत राळ व तेल यांचा लेप देत. असा सांधा साधण्यास वेळ फार लागतो व हात फार स्थिर असावा लागतो; पण एकदां साधला म्हणजे तो पिढ्यान् पिढ्या पाणी आंत येऊं देत नाहीं. वांकस, करवत, पटाशी, रंधा, सामता, मोगरी आणि गुण्या हीं एवढींच हत्यारें. आज कोणत्याहि सुताराच्या पेटींत तीं सांपडतील. त्यांच्याच जोरावर हीं जहाजें उभीं राहिलीं.

सागवानाचे गुणहि येथें सांगितले पाहिजेत. इंग्लंडांत जहाजें ओक नांवाच्या झाडाच्या लांकडाचीं होत. ओक बळकट खरा, पण त्यांत एक प्रकारची आंबटी असते. तिच्यामुळें लोखंडी खिळे गंजून झिजतात. सागवानांत उलट तेलाचा अंश असतो. तो खिळ्यांचें रक्षण करितो आणि वाळवीस व कुजण्यास थारा देत नाहीं. सागवान उन्हापावसांत फारसें आकसत वा फुगतहि नाहीं. त्यामुळें ओकाचीं जहाजें थोड्या वर्षांत दुरुस्तीस येत, तर मुंबईचीं जहाजें दीर्घ काळ टिकत. मुंबईस हें लांकूड मुख्यत्वें मलबारच्या किनाऱ्याकडून व गुजरातकडील अरण्यांतून येत असे. आपल्या अरण्यांतील झाड त्याच जातीचें आहे.

नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडांत ओकाचा तुटवडा पडला. तेव्हां इंग्लंडच्या राजाच्या आरमाराकरितां मुंबईस लढाऊ जहाजें बांधून घ्यावीं असा विचार १८०२ सालीं निघाला. परंतु तेथील अधिकाऱ्यांच्या मनांत एक शंका होती. व्यापारी गलबतें बांधणें निराळें आणि राजाच्या आरमाराचें जहाज बांधणें निराळें. एवढें काम हिंदी मिस्त्रीच्या हवालीं कसें करावें? म्हणून देखरेखीस विलायतेहून एक युरोपियन मिस्त्री पाठवावयाचें त्यांनीं योजिलें. तो बेत अंमलांत आला असता, तर तीन पिढ्या ज्या घराण्यानें गोदी वाढविली त्यास आपल्याच गोदींत दुय्यम होऊन राहावें लागलें असतें. पण जमशेटजींच्या कामाची माहिती मुंबईहून विलायतेस पोंचली. ती ऐकून अधिकाऱ्यांनीं आपला बेत सोडून दिला आणि सर्व काम जमशेटजींच्याच हातीं ठेविलें. यासाठीं जमशेटजींस वाद घालावा लागला नाहीं. त्यांनीं पूर्वीं बांधलेलीं जहाजें समुद्रावर फिरत होतीं, तींच त्यांच्या बाजूनें बोललीं.

तरीहि तुच्छतेचा कांटा त्यांस बोंचत नसेल असें नाहीं. वाडिया घराण्याच्या इतिहासांत एक कथा सांगतात. १८०० सालीं बांधलेलें कॉर्नवालिस हें जहाज पुष्कळ वर्षांनीं दुरुस्तीस घेतलें असतां, आंतील तळाच्या तुळईवर कोरलेलीं अक्षरें दिसलीं. गोरे लोक ज्या हिणकस शब्दांनीं हिंदी माणसास संबोधीत, तेच शब्द स्वतःस लावून घेऊन, हें जहाज अशा एका काळ्या इसमानें बांधिलें आहे, असें जमशेटजींनीं तेथें कोरून ठेविलें होतें. जहाज मोडावयास किंवा उकलावयास घेतल्याशिवाय कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशी ती जागा होती. अपमानास उत्तर द्यावें, पण तें आधीं काम उत्तम करून मग द्यावें, हा बोध आम्हांस या कथेंत दिसतो.

१८०५ सालीं राजाच्या आरमाराकरितां त्यांनीं बांधलेली लढाऊ नौका पाण्यांत उतरली. पुढें साल्सेट या नांवानें ती प्रसिद्ध झाली. १८०८-०९ च्या हिवाळ्यांत युरोपच्या उत्तरेकडील बाल्टिक समुद्रांत ती बर्फांत अडकून पडली. उष्ण देशाच्या अरण्यांतील तें लांकूड. पण बर्फाच्या चिमट्यांतूनहि तें सुखरूप बाहेर आलें.

त्यानंतर जमशेटजींच्या आयुष्यांतील मोठा दिवस उगवला. मुंबईस नवी डंकन गोदी बांधून तयार झाली होती. ता. १९ जून १८१० रोजीं मिंडेन नांवाचें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज तेथून पाण्यांत गेलें. रांगेनें उभें राहून लढणाऱ्या मोठ्या युद्धनौकांपैकीं ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेली राजाच्या आरमाराची ही पहिली नौका होय. कोणा युरोपियन मिस्त्रीची मदत तीस लागली नव्हती. डंकन गोदी मुंबईच्या नौदलाच्या आवारांत आजहि कामांत आहे.

मुंबईच्या या यशानें सर्वांसच आनंद झाला असें नाहीं. लंडनच्या टेम्स नदीकांठीं जहाजें बांधणाऱ्या व्यापाऱ्यांस आपल्या धंद्याची भीति वाटूं लागली. हिंदुस्थानांत बांधलेलीं जहाजें इंग्लंडच्या व्यापारांत येऊं देऊं नयेत म्हणून त्यांनीं पार्लमेंटकडे अर्ज केले, आणि १८१४ सालीं त्यांची चौकशी झाली. तिकडे हा वाद चालू असतां इकडे जमशेटजींच्या गोदींतून १८१३ सालीं दुसरें कॉर्नवालिस, १८१५ सालीं वेलस्ली आणि १८१८ सालीं मलबार अशीं एकामागून एक थोर जहाजें बाहेर पडत होतीं.

या कामांत विघ्नेंहि येत. १८१२ सालीं विलायतेहून जहाजांचे नकाशे घेऊन जावा नांवाची नौका मुंबईकडे निघाली होती. वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेनें तीस गांठून तिचा नाश केला आणि नकाशेहि गेले. वेलस्ली जहाज ज्या नकाशावरून व्हावयाचें होतें तो हातीं आलाच नाहीं. तेव्हां स्वतः बांधलेल्या कॉर्नवालिसच्या रेषांवरून जमशेटजींनीं तें उभें केलें. त्रिंकोमाली या नौकेचे नकाशे मात्र पुन्हां मागवावे लागले, आणि १८१६ च्या मे महिन्यांत तिचें काम सुरू झालें. पारशी समाजाच्या रीतीप्रमाणें जमशेटजींनीं आपल्या हातानें तिच्या पठाणांत रुप्याचा खिळा ठोकला. ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली.

१८२१ सालीं जमशेटजी निवर्तले. चौऱ्याऐशीं तोफांचें गंगा हें जहाज त्या वेळीं गोदींत होतें. त्याच वर्षीं त्यांचे चिरंजीव नवरोजी यांच्या हातून तें पाण्यांत गेलें. बापानें धरलेली दोरी मुलानें पुढें चालविली.

त्यांच्या जहाजांचें पुढें काय झालें, हें ऐकण्यासारखें आहे. १८४२ सालीं चीन व इंग्लंड यांच्यामधील नानकिंगचा तह कॉर्नवालिस जहाजावरच झाला. ज्या युद्धाच्या शेवटीं तो झाला तें युद्ध अफूच्या व्यापारापायीं पेटलेलें होतें. हत्यार घडविणारा एक असतो आणि तें चालविणारा दुसरा असतो. जमशेटजींच्या कौशल्याचा गौरव करितांना परकी सत्तेनें त्याचा उपयोग कशासाठीं केला, हेंहि विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वेलस्ली जहाज सव्वाशें वर्षें टिकलें, आणि १९४० सालीं दुसऱ्या महायुद्धांत टेम्स नदीवर जर्मन विमानांच्या हल्ल्यानें बुडालें. त्रिंकोमाली मात्र अद्याप पाण्यावर तरंगत आहे. पुष्कळ वर्षें तिजवर मुलांस नाविकविद्या शिकवीत असत. पुढें इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. २००१ सालीं तें काम पूर्ण झालें. इंग्लंडच्या पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका तीच. आणि ती मुंबईच्या सुतारांनीं बांधलेली आहे.

इंग्लंडांत ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयांत जमशेटजींचें एक तैलचित्र आहे. पांढरा अंगरखा, डोक्यास पारशी पागोटें, हातीं जहाजाचा नकाशा, आणि कमरेच्या शेल्यांत खोंवलेली रुप्याची मोजपट्टी. मोठमोठ्या सरदारांचीं चित्रें तलवारीसह काढलेलीं असतात. या पुरुषाच्या कमरेस मोजपट्टी शोभते. त्यांच्याच कुळांतील अर्देशीर खरशेटजी यांनीं पुढें वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला, आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले. बारा रुपयांच्या सुतारकीपासून निघालेली वाट अशी विद्येच्या शिखरापर्यंत गेली.

हें चरित्र वाचून ज्या विद्यार्थ्यांच्या हातांस स्फुरण चढेल, त्यांस एक गोष्ट सुचवितों. त्रिंकोमाली नौकेची तोफांच्या मजल्यावरील लांबी सुमारें दीडशें फूट आणि रुंदी सुमारें चाळीस फूट आहे. शंभरास एक असें प्रमाण धरलें म्हणजे अठरा इंच लांबीची व पांच इंचांहून किंचित् कमी रुंदीची प्रतिकृति होते. तेवढी ती शाळेच्या सुतारकामाच्या टेबलावर सहज मावेल. क्रम जमशेटजींचाच ठेवावा : आधीं पूर्ण आकाराचें चित्र, मग पुठ्ठ्याचे साचे, मग कणा, मग बरगड्या, आणि शेवटीं फळ्या. प्रत्येक बरगडी गुण्या लावून काटकोनांत उभी करावी. पहिलीच कलली तर पुढच्या सर्व कलतात. फळ्या दोन्ही बाजूंस आळीपाळीनें बसवाव्या. एकच बाजू आधीं पुरी केल्यास सांगाडा पिळवटतो. वांकवावयाची पातळ पट्टी ऊन पाण्यांत भिजवून हळूहळू वांकवावी.

लांकडाविषयींहि दोन शब्द. सागवानानें हत्यारांची धार लौकर जाते, म्हणून पटाशी वरचेवर पाजळावी. त्यांतील तेलामुळें सरस नीट धरत नाहीं, म्हणून चिकटविण्यापूर्वीं सांधा पुसून कोरडा करावा. नवशिक्यानें कोरीव भागासाठीं आपल्या रानांतील शिवण घ्यावें. तें हलकें व मऊ असून हत्यारास सुखानें वश होतें. पटाशी चालवितांना दुसरा हात नेहमीं धारेच्या मागें असावा. बोथट हत्यारास जोर जास्त लागतो आणि तेंच निसटून हात कापतें, हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या गांवापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. येथील मुलांनीं जहाजें पाहिलीं तीं बहुधा चित्रांतच. पण जहाज ज्यापासून होतें तें झाड आमच्या अंगणाजवळ उभें आहे, आणि तें घडविणारीं हत्यारें गांवच्या सुताराच्या पडवींत टांगलेलीं आहेत. जमशेटजींपाशीं आरंभीं यापेक्षां अधिक कांहीं नव्हतें. आपल्या मुलामुलींच्या हातीं पुस्तकाबरोबर एखादी पटाशीहि द्यावी, आणि त्यांनीं साधलेला पहिला सांधा कौतुकानें पाहावा, अशी त्यांच्या मातापितरांस आमची विनंती आहे. तो सांधा थोडा वांकडा असेल तर असो. दुसरा सरळ येईल.